बारकीच्या दोराला

२८ एप्रिल

डॉक्टरांनी शेवटी सही केली. तीनदा छाती तपासली, दोनदा वय विचारलं. दोन्ही वेळा सत्तावन्नच सांगितलं.

"एवढ्या उंचीवर काय काम काढलंत?"

"मुलीला भेटायचंय."

त्यांना वाटलं, मुलगी तिकडे नोकरीला असेल. आहेच की.

संध्याकाळी धाकटे दीर येऊन गेले. "वहिनी, गुडघे आधीच कुरकुरतायत, त्यात बर्फ कशाला? लोकांना गाडी शिकवा, सुखाने राहा." म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला अजून धड रिव्हर्स घेता येत नाही. मला रस्ता दाखवू नका." हे गालातल्या गालात हसले. भाऊजी चहा न घेताच उठले. बरंच झालं, दूध कमी होतं.

३० एप्रिल

वर गेल्यावर म्हणे डोकं जड होतं, उलटसुलट सुचतं. म्हणून खरं काय ते आजच लिहून ठेवते.

चार वर्षांपूर्वी आमच्या बारकीने बँकेतली नोकरी सोडली. लोकांना डोंगरावर नेणार म्हणाली. शेंड्यापर्यंत, दोर बांधून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. म्हटलं, "पडून मेलीस तर मला कळवायला कुणी यायचं नाही, सांगून ठेव त्यांना." तिने बॅग उचलली. त्यानंतर आमच्यात एक शब्द नाही. हे दर रविवारी गॅलरीत जाऊन तिच्याशी बोलतात, हळू आवाजात. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. सत्तावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी इंजिनाचा आवाज ओळखत आलेय — यांची कुजबुज कळणार नाही होय?

तर मी जाणार. तिच्याच तुकडीत. माझा गाडीचा परवाना लग्नाआधीचा, माहेरच्या आडनावाचा. तोच लावून नाव नोंदवलंय. आठ महिने हातात पाण्याचे दोन कॅन घेऊन पाच मजले चढले-उतरले. हे खाली घड्याळ घेऊन उभे असायचे.

"अगं, तिला सांगून तरी ठेवू का?"

"सांगितलंत तर आयुष्यात बोलणार नाही तुमच्याशी."

"म्हणजे शांतताच की," म्हणाले. पण सांगितलं नाही.

माझ्या पोरीने आमच्यापेक्षा जे मोठं मानलं ते मला डोळ्यांनी बघायचंय. शेंड्यावर उभं राहून तिला विचारायचंय — हे? एवढ्यासाठी?

७ मे

डोंगराआधीचं शेवटचं गाव. लॉजच्या खालच्या खोलीत आम्हा चौघांना बसवलं. मी, एक दातांचा डॉक्टर, आणि एक नवं जोडपं — टूथपेस्ट कोणाच्या बॅगेत यावरून भांडत होतं.

बारकी आली. चेहरा उन्हाने रापलेला, ओठ फुटलेले, खांदे रुंद झालेत. यादी वाचली. माझ्या नावापाशी मान वर केली. एक क्षण, जास्त नाही.

मग म्हणाली, "काकू, तुमचे बूट दाखवा."

काकू म्हणे. पुढे केले बूट. तिने अंगठा कुठवर येतो ते दाबून पाहिलं — मी तिचे शाळेचे बूट पाहायची तसंच.

सगळे पांगल्यावर माझ्या खोलीत आली. दार लावलं.

"बाबांना माहितीय?"

"हो."

"उद्या सकाळच्या गाडीने परत जा."

"का म्हणून? सर्टिफिकेट आहे. पावती आहे."

दोन्ही कागद वाचून, घडी घालून परत दिले. मग म्हणाली, "ठीक आहे. पण वर मी सांगेन ते चालणार. थांब म्हटलं की थांबायचं, मागे म्हटलं की मागे. आणि तिथे मी तुझी कुणी नाही."

"चार वर्षं तरी कुठे होतीस?"

ती गेली. दार अगदी हलकेच ओढून घेतलं. आपटायला हवं होतं. आपटलं असतं तर मी जिंकले असते.

९ मे

सहा तास चाल. दातांचा डॉक्टर मागे, मी पुढे. तीन वेळा वळून पाहिलं, मुद्दाम.

१० मे

डोकं ठणकतंय. जेवण जात नाही. कुणाला सांगितलेलं नाही.

बारकीचा मदतनीस तिच्याहून वीस वर्षांनी मोठा आहे. आधी शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. आमचं नातं त्याला ठाऊक नाही. आज माझ्याबरोबर चालत होता. "आमची कॅप्टन फार कडक बरं का, काकू. गेल्या मोसमात शेंडा वीस मिनिटांवर होता. ढग बघितले आणि सगळ्यांना वळवलं. एकाने आईबहिणीवरून शिव्या घातल्या तिला."

"मग?"

"तिने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाली, घसा कोरडा पडला असेल."

त्या मेल्याचं नाव विचारून घ्यायला हवं होतं.

११ मे

डोकेदुखी बारकीने ओळखली. कशी कोण जाणे. सगळ्यांसमोर म्हणाली, "दुखणं लपवणाऱ्याला मी पुढे नेत नाही. कुणाला काय होतंय, आता सांगा." मी बोट वर केलं. शाळकरी पोरीसारखं! एक गोळी दिली, दोन लिटर पाणी समोर बसून प्यायला लावलं.

१२ मे

मुख्य तळ. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. डॉक्टर चौऱ्याऐंशी. मी शहात्तर.

"काकू उद्या तंबूत आराम करतील," तिने मास्तरला सांगितलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मला विचार की," मी म्हटलं.

"आकड्याला विचारलंय."

दुपारी बर्फाच्या उतारावर शिकवणी. बुटांखाली लोखंडी काटे बांधायचे, हातात कुऱ्हाड, आणि मुद्दाम घसरायचं. घसरताना पालथं होऊन कुऱ्हाड रोवायची. दहा वेळा मी थेट खालपर्यंत गेले, पोत्यासारखी. डॉक्टर हसला. म्हटलं, "तुम्ही दुसऱ्यांच्या तोंडात बघा, माझ्याकडे नको." अकराव्यांदा कुऱ्हाड रुतली. थांबले! तोंडात बर्फ, एक हातमोजा गायब — पण थांबले.

ती वर उभी होती. "परत एकदा," म्हणाली. मीही शिकणाऱ्याने गाडी पहिल्यांदा नीट लावली की हेच म्हणते. कोणाकडून उचललं असेल?

१३ मे

नव्या नवरीला रात्रभर उलट्या. आज तिला खाली पाठवलं, नवराही गेला बरोबर. फार रडली बिचारी. नवरा नुसता "जाऊ दे गं, जाऊ दे गं" करत होता. बारकी तिच्याजवळ खडकावर अर्धा तास बसली. सांगत होती, "तू हरलेली नाहीस, तू आजारी आहेस. दोन्ही एकच समजू नकोस." मग खाली वाकून तिच्या बुटाची नाडी बांधून दिली.

मी तंबूच्या फटीतून बघत होते. हे असं बोलायला ही कुठे शिकली? माझ्याकडे तर नाहीच.

१४ मे

त्र्याऐंशी! चिमटा दोनदा लावायला सांगितला. दोन्ही वेळा त्र्याऐंशी.

दुपारी बारकी तंबूत आली. "अंगठा दाखव." फोड आलाय हेही तिला कळलं होतं — चालण्यावरून. मांडीवर पाय घेऊन पट्टी लावायला बसली.

"का आलीस?"

"बघायला."

"काय?"

"आमच्याहून मोठं काय आहे ते."

पट्टी कापली, चिकटवली, कडा दाबल्या. मला वाटलं आता उठून जाईल.

"मोठं काही नाही गं, आई. मला हे जमतं. बँकेत मला काहीच जमत नव्हतं, आणि घरी आल्यावर तू विचारायचीस, आज काय झालं. मी रोज काहीतरी बनवून सांगायचे."

मला हे माहीत नव्हतं. पाच वर्षं नोकरी केली तिने. रोज रात्री जेवताना मी विचारायची, ती सांगायची, आणि मी यांना म्हणायची — बघा, रमली.

काही बोलायला हवं होतं मी. "पट्टी घट्ट झालीय," एवढंच म्हटलं. तिने सैल केली.

१५ मे

वरचा तळ. वारा. पेन गोठतंय, पेन्सिलीने लिहितेय. पहाटे दोनला निघायचं. मी शेंडा गाठणार. लिहून ठेवते.

१६ मे

आता दुपारचे चार. तंबूत आहे. बोटं हलतायत तोवर लिहिते.

दोन दोर होते. मास्तर आणि डॉक्टर एकावर, बारकी आणि मी दुसऱ्यावर. ते लवकरच पुढे गेले. मला दहा पावलं झाली की थांबावं लागे, मग आठ, मग पाच. बारकी एकदाही "चल" म्हणाली नाही. दोर कधी ताणला गेला नाही, कधी ढिला पडला नाही. माझ्या श्वासावर तिचं पाऊल पडत होतं. उजाडलं तेव्हा आम्ही घळ ओलांडून वरच्या धारेवर होतो. मागे वळून पाहिलं. काय दिसलं ते लिहीत नाही, जमणार नाही मला.

धारेवर डॉक्टर आणि मास्तर शेंडा करून उतरताना भेटले. डॉक्टर रडत होता, नाक गळत होतं. "काकू, हे काय, इथेच आहे! चाळीस मिनिटं, फार तर!"

ते खाली गेले. बारकीने बाही सरकवून घड्याळ पाहिलं.

"अकरा. वळायचं."

"चाळीस मिनिटं म्हणाला तो."

"त्याची चाळीस. तुझा दीड तास. ऊन चढलं की घळीतला बर्फ सुटतो, आणि आपल्याला तिथूनच उतरायचंय."

"माझ्यात अजून तरतरी आहे."

"आहे. म्हणूनच आत्ता वळायचं."

मी खाली बसले. सरळ बर्फात बसकण मारली. म्हटलं, आठ महिने पाच मजले चढले मी. भाऊजींचं ऐकून घेतलं, शेजाऱ्यांचं ऐकून घेतलं. मी नाही वळणार. तू जा. ती ओरडेल असं वाटलं. ओरडावं अशी इच्छाच होती माझी.

ती समोर उकिडवी बसली. चष्मा वर केला. डोळे लाल झाले होते.

"आई, दुसरं कुणी असतं तर मी कधीच वळवलं असतं. तुझ्यासाठी पंधरा मिनिटं आधीच जास्त दिलीयत. ती चूक झालीय माझ्याकडून. आता दुसरी करायला लावू नकोस."

आजवर किती शिकणाऱ्यांनी मला म्हटलं असेल — मॅडम, पिवळाच आहे, एवढा सिग्नल जाऊ द्या ना. माझ्या पायाखालचा ब्रेक मी प्रत्येक वेळी दाबलाय. पोटच्या पोरीने दाबला तेव्हा मी रस्त्यात बसले.

उठले. बर्फ झटकला. शेंड्याकडे एकदा बघून घेतलं, चांगलं टक लावून. मग वळले.

घळीत काहीही झालं नाही. बर्फ होता तिथेच होता, एक खडासुद्धा पडला नाही. म्हणजे वर गेलो असतो तरी चाललं असतं? असेलही. मला ते कधी कळणार नाही आणि तिलाही नाही. तरी ती वळली. चार वर्षं मी समजत होते, हिचं काम म्हणजे जीव धोक्यात घालणं. हिचं काम तर दिवसभर लोकांना नाही म्हणणं आहे — आणि शिव्या खाऊन त्यांनाच पाणी देणं.

१७ मे

खालच्या तळावर जेवताना ती सगळ्यांना म्हणाली, "या माझ्या आई." मास्तरला ठसका लागला. डॉक्टर म्हणाला, "तरीच! मला प्रश्नच पडला होता, कॅप्टन फक्त काकूंनाच एवढं का छळतात."

२१ मे

घरी. भाऊजी टपूनच होते. "मग वहिनी? नाहीच ना पोचलात?"

"नाही. माझ्या मुलीने मागे वळवलं."

असं सांगितलं, जणू पदक मिळालंय. आज दूध भरपूर होतं, चहा दिला.

१ जून

रविवार. हे गॅलरीतून आत आले आणि फोन माझ्या हातात दिला. अर्धा तास बोललो. नवी तुकडी घेऊन निघालीय, तिघंच आहेत. "नीट जा" म्हणणार होते, ते गिळलं. त्याऐवजी विचारलं, "तिघांचे बूट पाहिलेस का?" हसली.

९ जून

सकाळी मास्तरचा फोन. काल उतरताना त्याच घळीत वरून बर्फ आणि दगड आले. बरोबरचे तिघं वाचले. बारकीचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडलाय. राहील की जाईल, इस्पितळातले डॉक्टर संध्याकाळी सांगणार.

मग तिने फोन घेतला. आवाज गुंगीतला.

"आई, आता म्हण, काय म्हणायचंय ते."

हे माझ्याकडे बघत उभे होते.

"किती वाजता वळली होतीस?"

"दहाला. ढग दिसले म्हणून."

"मग तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "निघालोय आम्ही."