रद्द करण्याचं कारण

कातळवाडी, ता. मालवण
२२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. दुर्गाताईस,
धाकट्या भावाचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या भावजयीचे, भक्तीचे गुडघे थंडीत धरतात, बाकी तिचं व्यवस्थित. काजूला मोहोर चांगला आहे. पर्यटक जानेवारीअखेर ओसरले, आता शिमग्यापर्यंत तुरळकच. भाओजी आणि गौरजा मजेत असतील. पत्र लिहायची सवय मोडली आहे. अक्षर लागलं नाही तर गौरजाकडून वाचून घे.

ग्राहक आयोगाची नोटीस मिळाली. पोस्टमन ती नाश्त्याच्या वेळी चार पाहुण्यांसमोर घेऊन आला आणि सही घेण्याआधी पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं. घावणे खाणाऱ्यांनी लगेच डोकी जवळ आणली. संध्याकाळी त्यातल्या एकाने मला विचारलं, "काका, आमचं बिल बरोबर लावाल ना?" गेली सहा वर्षं मी हे होम-स्टे चालवतोय ताई. कोंबडा पहाटे आरवतो म्हणून अॅपवर रेटिंगचे तारे कापणारी माणसं पाहिली, समुद्राचा आवाज येतो म्हणून तक्रार करणारीही पाहिली. पण सख्ख्या भाचीने मामाला 'सामनेवाला' केलेलं पहिल्यांदाच पाहतोय.

नोटीस मी तीनदा वाचली. खोटं कारण सांगून ग्राहकाला तिच्याच हाताने बुकिंग रद्द करायला लावलं, अशी तक्रार. नुकसानभरपाई शून्य. मागणी एकच: बुकिंग रद्द करण्यामागचं खरं कारण सामनेवाल्याने स्वतःच्या सहीने लेखी द्यावं. भाषा गौरजाची आहे, पण मागणी तुझी आहे हे मला कळतं.

मालवणच्या वकिलाला कागद दाखवला. तो हसला. म्हणाला, "पैसे नकोत आणि कारण हवंय, अशी केस मी बघितली नाही. अॅपवरची नोंद जोडा, विषय संपला." नोंद स्वच्छ आहे. बुकिंग पाहुण्याने रद्द केलं. कारण, प्रवासाचा बेत बदलला. खाली तारीख आणि वेळ. कागदावर मी धुतल्या तांदळासारखा आहे.

हा धंदा कसा चालतो ते तुला ठाण्यात बसून कळायचं नाही, म्हणून सांगतो. माझ्या खोल्या अॅपवर स्वस्त आहेत, कारण पाहुण्याने रद्द केलं तर त्याला दमडी परत मिळत नाही. पण मालकाने रद्द केलं तर पाहुण्याला सगळे पैसे परत, आणि मालकाचं नाव यादीत पार तळाला. नाताळाच्या तोंडावर तळाला गेलेल्याकडे कुत्रंही फिरकत नाही. म्हणून अडचण आली की इथला प्रत्येकजण एकच करतो. पाहुण्याला फोन करायचा, काहीतरी रडगाणं गायचं आणि म्हणायचं, तुम्ही तुमच्या बाजूने रद्द करा, पैसे मी हातावर परत देतो. बहुतेक जण देतात. मीही देतो. तुमचे दिले नाहीत.

आणि अडचण खरीच होती. देवाने गावपळणीचा कौल दिला होता. वकिलाला हे समजवताना माझ्या तोंडाला फेस आला. तो मूळचा इथला नाही. त्याला सांगितलं, चार-पाच वर्षांनी देव हुकूम करतो आणि अख्खा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. तीन रात्री गावात माणूस राहायचा नाही, चूल पेटायची नाही. परत यायचं तेही देवाने कौल दिल्यावरच. तारीख आधी ठरत नाही, त्यामुळे अॅपवर ती अडवून ठेवता येत नाही. वकील म्हणाला, "मग हे खरं कारणच द्यायचं होतं की फोनवर. खोटं कशाला बोललात?"

मी म्हटलं, शहरातल्या पाहुण्यांना हे पटत नाही, ते देवाधर्मावर उलट लिहितात. त्याला पटलं. तुला पटणार नाही.

फोन मी कौल झाला त्याच संध्याकाळी केला. नाव होतं जी. तेंडोलकर. तेंडोलकर काय, जगात छप्पन्न आहेत. मी म्हटलं, मॅडम, बोअरची मोटर जळली आहे, पाणी नाही. पोरगी तल्लख. म्हणाली, "मग तुमच्याकडूनच कॅन्सल करा ना." मी म्हटलं, आमच्याकडून सिस्टीम घेत नाही. मग म्हणाली, "कारण विचारतंय. काय टाकू?" मी सांगितलं, प्रवासाचा बेत बदलला असं असेल, ते दाबा. तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला, "इचार गो त्येका, मोटर कधी बरी होतली? आमी दोन दिवसांनी येव."

मी म्हटलं, महिनाभर तरी नाही. आणि फोन ठेवला.

आता यात मला तुझा आवाज ओळखला नाही असं लिहायचं होतं. आयोगाला द्यायच्या उत्तरात तसं लिहिलंही आहे. पण ठाण्याच्या फोनवरून मालवणीत बोलणारी दुसरी कोण? तू मला बोट धरून शाळेत नेत होतीस तेव्हापासूनचा तो आवाज आहे. ओळखला.

गावपळण म्हटलं असतं तर तू आली असतीस. मुंबईची सगळी माणसं येतात, शेतात माडाच्या झापांच्या खोपी घालतात, भजनं करतात, चुली मांडतात. तिथे कोणाला बुकिंग लागत नाही. गावाच्या ग्रुपवर निरोप गेला होता, पण त्या ग्रुपवरून तुला मीच काढलं होतं, घराच्या हक्कसोडपत्राच्या वेळी. तेव्हा तुझ्यापर्यंत बातमी पोहोचू नये याची व्यवस्था आधीपासून होतीच. मोटर जळली हे फक्त वरून.

आईच्या अकराव्याला तू आलीस. पडवीत पाहुण्यांच्या खुर्चीवर बसलीस, आत आली नाहीस. शेजारचा महादू तुझ्यासमोर येऊन म्हणाला, "गावपळणीक खंय होतंस गो तू? सगळी मुंबयची इली, तूच कशी नाय?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी दर्भ शोधायला आत गेलो. दर्भ माझ्या हातातच होते.

तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मला माझं खरं वाटायला लागतं. तू थेट नोटीस पाठवलीस. हे मात्र बरोबर जागी मारलंस.

आईचं सांगतो. फोनवर मी तुला चार वाक्यांत उरकलं होतं, तेही तिचं सगळं आटोपल्यावर. खोप आम्ही ओढ्यापलीकडे घातली होती. पहिला दिवस आई खुशीत होती, सगळ्यांच्या चुलींवर काय शिजतंय ते विचारत बसली होती. दुसऱ्या दिवशी ताप भरला. डॉक्टर येऊन गेला, दवाखान्यात न्या म्हणाला, ती नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. देवाचा कौल झाला नव्हता, त्यामुळे तिला घरी आणता आलं नाही. ओढ्याच्या काठीच केलं. तुझ्यासाठी सकाळपर्यंत थांबता आलं असतं. भक्ती म्हणत होती, थांबा. मी नाही म्हटलं. तू आली असतीस आणि त्या माणसांमध्ये मोटरचा विषय निघाला असता.

भक्तीला दोष देऊ नकोस. तुझं बुकिंग तिनेच आधी पाहिलं आणि ओळखलं. तुम्ही लिहिलं होतं ना त्यात, 'शक्य असल्यास मागच्या अंगणाकडची खोली द्यावी.' ती खोली अॅपवर नाही. तिचा फोटो नाही, ती भाड्याने जात नाही, तिथे आई निजायची. बाहेरच्या माणसाला ती आहे हेच ठाऊक नाही. भक्तीने ते आईला सांगितलं. आईने त्या खोलीतली जुनी खाट बाहेर काढून उन्हात घातली. मी विचारलं तर म्हणाली, ढेकूण झालेत. मलाही तेव्हाच कळलं होतं. फोन करण्याच्या आठ दिवस आधी.

खोपीत तिने मला विचारलं. दुसऱ्या दिवशी, ताप चढत असताना. "दुर्गा येतली होती मां?"

मी भक्तीसमोरच मोबाइल काढला आणि अॅप उघडून दाखवलं. आईला काय वाचता येणार, भक्तीने वाचलं. प्रवासाचा बेत बदलला. मी म्हटलं, "बघ. तिचो बेत बदललो."

आई वर झापांकडे बघत म्हणाली, "बदललो तर बदललो. माझो राग नाय म्हणान सांग तिका."

दोन महिने झाले, मी हे तुला सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. तू येण्यासाठी तडफडत होतीस आणि ती तुला न येण्याबद्दल माफ करून गेली. न केलेल्या गुन्ह्याची माफी तुझ्या वाट्याला आली, आणि माझ्या गुन्ह्याबद्दल मला कोणी काही विचारलंच नाही. तू विचारलंस.

वकिलाचं उत्तर टाइप होऊन टेबलावर पडलं आहे. त्यावर मी सही केली तर केस बहुधा निकालात निघेल. मी सही करणार नाही. तुला हवं आहे ते खाली देतो. हा कागद आयोगात लाव, ग्रुपवर टाक, महादूला वाचून दाखव, मी नाकारणार नाही.

मी, धनेश, लिहून देतो की डिसेंबरचं बुकिंग पाहुण्याचा बेत बदलला म्हणून रद्द झालेलं नाही. मोटर जळली नव्हती. गावपळण होती, पण तेही कारण नाही. बाबा गेल्यावर मी हक्कसोडचे कागद घेऊन ठाण्याला आलो, तेव्हा तू म्हणालीस, सगळं तुला घे, सही करते, फक्त आई आहे तोवर मागची खोली माझ्यासाठी ठेव, म्हणजे मला विचारून यावं लागणार नाही. मी सही न घेताच कागद उचलून निघून आलो. चार वर्षांनी तीच खोली तू गिऱ्हाईक होऊन मागितलीस. पैसे मोजूनसुद्धा ती तुला मिळू नये, म्हणून रद्द केलं.

त्या खोलीत आई होती, हे मला माहीत होतं.

उत्तर पाठवू नकोस.

सामनेवाला,
धनेश