भित्रीचा शनिवार

प्रिय बयो,

अनेक उत्तम आशीर्वाद. आधी एवढेच वाच, की तुझी आई सुखरूप आहे. माझ्या शेजारी बसून, वन्सं, पत्र लिहिताय की पोथी, असे बसलेल्या घशाने विचारते आहे.

लहानपणी माझ्यापाशी पाठाला बसलीस की एकेका शब्दाला धरून बसायचीस. पूर्वदक्षता म्हणजे काय, या तुझ्या प्रश्नावर मी सांगितले होते, संकट येण्याआधी त्याच्या वाटेत जाऊन उभे राहणे. त्यावर तू म्हणालीस, मग संकट वाटेतच अडले, तर तिथे कोणी उभे होते हे कळणार कसे? मला शास्त्रवचने पाठ होती, तरी त्या दिवशी मी पोथी मिटली आणि तुला खेळायला पिटाळले.

पुढे सूतगिरणीत तू पर्यवेक्षक झालीस आणि तोच प्रश्न तुझ्या गळ्यात पडला. संकटाच्या वेळी मागचे दार नुसते असून भागत नाही, पायांना त्याची ओळख हवी, म्हणून दर शनिवारी सर्वांनी मागूनच आत यायचे, असा नेम तू घातलास. चोरांसारखे मागून काय यायचे, म्हणून बायका हसल्या; सर्वांत मोठ्याने, तिथेच कामाला असलेली तुझी आई. लेक माझीच, पण काळीज सशाचे घेऊन आली, हे वाक्य तिचेच. वेळ फुकट जातो म्हणून व्यवस्थापकांनी नेम मोडला, आणि तू नोकरी सोडून परगावी गेलीस, हरल्यासारखी.

पुढचे तुला ठाऊक नाही. नेम मोडला, थट्टा मोडली नाही. चला गं, भित्रीचा शनिवार आला, असे म्हणत बायका त्याच दाराने येत राहिल्या. हसत हसत का होईना, व्रत पाळले गेले. रहदारीची वाट म्हणून तिथे कुणी कापसाच्या गाठीही रचल्या नाहीत.

काल दुपारी पुढच्या दारापाशी कापसाने पेट घेतला. दिवे गेले, धुरात डोळ्यांत बोट घातले तरी दिसेना. तुझी आई सांगते, डोके बंद पडले होते, पाय मात्र आपणहून वळले. एकमेकींचे खांदे धरून साऱ्याजणी मागच्या दाराने बाहेर आल्या. अंगणात हजेरी घेतली, तेव्हा एकही नाव ओ न देता राहिले नाही.

सायंकाळी देवापुढे उभी राहिले, तेव्हा उमगले की भरवसा आणि दक्षता या सवती नव्हेत, सख्ख्या जावा आहेत. एकीने दिवा लावायचा, दुसरीने वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. आणि बयो, वाटेत कोण उभे होते, हे काल साऱ्या गावाला कळले.

आज सकाळी व्यवस्थापक घरी आले. संपूर्ण गिरणीची सुरक्षा बयोच्या हाती सोपवायची आहे; तुमच्या शब्दाखातर ती येईल का, असे विचारत होते. मी म्हटले, माझ्या नव्हे, जी सर्वांत मोठ्याने हसली तिच्या शब्दाखातर येईल. त्यासाठीच हे पत्र. आता तुझी आई सांगते ते जसेच्या तसे लिहिते: ये. शनिवारीच रुजू हो. आम्ही सगळ्या मागच्या दारात उभ्या असू.

तुझीच,
आत्या