पट्टेवाल्याचं आभाळ

सोमवार, ६ ऑक्टोबर

पट्टेवाला! आजपासून त्याचं हेच नाव. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि फ्लाइंग क्लबच्या दारात उभा राहून माझ्या बायकोला विचारतो, "काय डॉक्टर, आज आभाळ काय म्हणतंय?" आणि ही खुदकन हसते. खुदकन! सेहेचाळीस वर्षांची, दातांचा दवाखाना चालवणारी बाई. माझ्या विनोदी सदरावर लोक दर रविवारी पेपर हातात धरून हसतात. ही माझ्या विनोदावर शेवटची कधी हसली? आठवतोय.

विमान शिकायचं तिच्या डोक्यात कुठून आलं, कोण जाणे. "आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून पाहिलं, आता जरा वर बघते," एवढंच म्हणाली. टाळ्या मीच वाजवल्या. शेजारच्या सीटवर शिकवायला कोण बसणार हे विचारायचं राहून गेलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

चहाच्या वेळी तिच्या फोनवर पट्टेवाल्याचा मेसेज. मी डोकावलो नाही. फोन माझ्या नजरेखाली आला. नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं! एक शब्द धड नाही.

"हे काय?"

"हवामान."

"असं असतं हवामान?"

"वैमानिकांचं असंच असतं. थोडक्यात." आणि वाचता वाचता तिच्या कपाळावरची आठी गेली. म्हणजे त्या आकड्यांत काहीतरी छान होतं.

पूर्वी बायकांना प्रेमपत्रं तरी यायची. नवऱ्याला चोरून वाचता यायची.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

शिकायचं ठरवलं. माझ्या घरात माझ्यासमोर माझ्या बायकोशी कुणी न कळणाऱ्या भाषेत बोलायचं नाही!

दोन दिवस सदर बाजूला ठेवून हेच वाचतोय. विचार केला होता तितकं अवघड नाही. आधी विमानतळाचं नाव, मग तारीख-वेळ, मग वारा. पहिले तीन आकडे वारा कुठून येतो ते सांगतात, पुढचे दोन किती जोराचा. कुठे जातो ते नाही हं, कुठून येतो ते! सकाळभर उलटं समजून सगळा वारा मी तिकडच्या तिकडेच परत पाठवत होतो. चार नऊ ओळीनं आले की लांबवर स्वच्छ दिसतंय. मग ढग: आभाळाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं. दिशा ठरत नसलेल्या वाऱ्याला व्हीआरबी लिहितात. आमच्या संपादकांना चपखल बसतं.

आणि शेवटी 'नोसिग'. पुढच्या दोन तासांत विशेष काही बदलणार नाही. वा! आमच्या बावीस वर्षांच्या संसाराचं इतकं नेमकं वर्णन मला कधी सुचलं नव्हतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज तोंडावर आपटलो. लिहूनच टाकतो, म्हणजे पोटात राहणार नाही.

हिला क्लबवर सोडायला मुद्दाम गेलो. अंदाजात नऊ वाजता गडगडाट लिहिलेला. अकरा वाजले तरी लख्ख ऊन! पट्टेवाला चार पोरापोरींना काहीतरी शिकवत होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काय हो कॅप्टन, नऊचं वादळ गाडीत बसलं नाही वाटतं?"

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. अदबीनं म्हणाला, "सर, त्यातली वेळ आपल्या घड्याळाची नसते. सगळ्या जगाला एकच वेळ. आपल्याकडे ते नऊ वाजायला अजून अवकाश आहे." मग पोरांकडे वळून, "म्हणून म्हणतो, दुसऱ्यानं वाचलेल्या हवामानावर चाकसुद्धा हलवायचं नाही. स्वतः वाचायचं."

पोरं वहीत लिहून घेत होती. मला!

दुपारी घरी परतताना वादळ अगदी लिहिल्याबरहुकूम आलं. गाडीपर्यंत पोचेतो मी निथळत होतो. हिनं छत्री मिटून मागच्या सीटवरचा नॅपकिन दिला. आईनं दार उघडलं. "अरे, ही कोरडी आणि तू ओला कसा? एकाच आभाळाखाली होता ना?"

बुधवार, १५ ऑक्टोबर

आता घड्याळाचा हिशेब पक्का झालाय. सकाळी उठून मी वाचतो, ही टोस्टला लोणी लावत ऐकते. "वारा पश्चिमेचा, अंगाबेताचा. ढग विरळ. टेम्पो—"

"टेम्पो म्हणजे?"

"अधूनमधून, थोडा वेळ." (पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सामानाचा टेम्पो दिसला होता. तिला सांगितलं नाही.)

"छान वाचतोस रे," म्हणाली. दिवसभर छाती फुगलेली. पट्टेवाल्याचे सकाळचे मेसेज आता तिला लागत नाहीत. घरचं माणूस आहे!

आई म्हणाली, "तू तिच्यावर जळतोस की त्याच्यावर?" मी म्हटलं, काहीतरीच काय! "तुझे वडील नाही जळले कधी," ती म्हणाली. "अर्थात मी कुठे जात होते."

रविवार, १९ ऑक्टोबर

सदर लिहायला बसलो. गाड्यांच्या पार्किंगवर लिहायचं होतं. झालं काय, तर खांद्यावर पट्ट्या लावणाऱ्या माणसांवर! सोसायटीचा रखवालदार, बँडवाला आणि विमानवाला यांत फरक कसा ओळखावा. बरं जमलं. मग हिनं वाचलं.

"हे कुणावर आहे?"

"कुणावर नाही. सर्वसाधारण."

"तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे," म्हणाली आणि दवाखान्यात निघून गेली.

हे सांगून तिला माझी समजूत काढायची होती? वय सांगून? आजकाल ते कुठे आड येतं! दुपारपर्यंत हेच डोक्यात. सदर फाडलं. पार्किंगवर लिहिलं. रटाळ झालं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

बातमी! पट्टेवाला जाणार. मोठ्या कंपनीत लागला, महिनाअखेरीस निघतो.

मी ताबडतोब वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. आई म्हणाली, "दात दुखतोय का?"

पण हिचा चेहरा खरंच उतरला होता. म्हणाली, "माझी एकटीची लांबची फेरी राहिलीय रे. इथून निघायचं, दोन विमानतळांवर उतरायचं आणि परत यायचं. शेजारी कुणी नाही. ती झाल्याशिवाय परवाना नाही. तो असेपर्यंत झाली नाही तर नवा शिक्षक येणार, तो सगळं पहिल्यापासून तपासणार. आणि येणार कधी, कुणाला माहीत. माझं वय काय थांबणार आहे?"

मी म्हटलं, होईल गं.

एकटी जाणार म्हणे. पण जा म्हणणार कोण? तो. सही कुणाची? त्याची. उतरल्यावर धावपट्टीच्या कडेला हात बांधून, 'शाबास डॉक्टर' म्हणायला उभा कोण? आणि आयुष्यभर तिच्या आठवणीत पहिल्या भरारीच्या चित्रात एका बाजूला तो, पांढराशुभ्र! मी कुठे? पार्किंगमध्ये. नॅपकिन घेऊन.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ढग. खालचे. म्हणजे आज फेरी नाही. मनापासून वाचून दाखवले.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज सिग्मेट आहे! म्हणजे लहानमोठ्या सगळ्याच विमानांना धोक्याचा इशारा. वादळं, तीही इतर ढगांत दडलेली. विमानातून पाहावं तर नुसतं करडं आभाळ, आणि आत केव्हाचं घुसळतंय. या लोकांनी त्यालासुद्धा शब्द ठेवलाय. आकाशातल्या माणसांनी माणसांची इतकी काळजी घेतलेली पाहून बरं वाटलं. खाली असं काही नसतं. शेजारी बसलेल्या माणसाच्या आत काय चाललंय, याचा इशारा कोण देतं!

ही खिडकीशी उभी राहून बाहेर पाहत होती. मी आनंदात होतो. तिची पाठ दिसत होती, तरी आनंदात होतो. नोंद करून ठेवतो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

अजून पाऊस. तिनं दवाखान्यातले उद्याचे पेशंट पुढे ढकललेत. "उद्या नाही तर नाहीच," म्हणाली. परवा त्याचं आवरणं, मग तो निघणार.

पट्टेवाल्याचा फोन आला. ही पलीकडच्या खोलीत जाऊन बोलली. पाच मिनिटं. बाहेर आली तेव्हा हसत होती. काय सांगितलं त्यानं? मी विचारलं नाही. विचारतो कशाला! मला काय पडलंय!

बुधवार, २९ ऑक्टोबर

सकाळी अंदाज उघडला. वारा मंद. चार नऊ. ढग नाहीत. दिवसभर काहीसुद्धा नाही! आभाळाच्या आठांपैकी आठ भाग मोकळे. असा स्वच्छ अंदाज मी शिकल्यापासून पाहिला नव्हता.

ही समोर बसली. टोस्ट, लोणी. "हं, वाच."

आणि मी वाचलं. "तीस टक्के शक्यता, अधूनमधून गडगडाट, दुपारी. उभे ढग." आवाज अजिबात हलला नाही. उभे ढग तर मी अगदी सहज घातले, आमटीत मीठ घालावं तसे.

तिची सुरी थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. मग आज राहू दे." उठली, आईच्या खोलीत गेली, काहीतरी बोलली, गाडीची किल्ली घेतली. "मावशीकडे जाऊन येते. संध्याकाळ होईल."

झालं. इतकं सोपं होतं.

दुपारी गच्चीवर गेलो. इतकं निळं आभाळ! एक कोपरा सोडला नव्हता निळ्यानं. मला डोळे वर करवेनात. आई रोज गुडघ्यांच्या नावानं शंख करते, आज मात्र टॉवेल वाळत घालायचा म्हणून जिना चढून आली. मी म्हटलं, मी घालतो. "नको. मला घालायचाय," म्हणाली, आणि वाळत घालायचं सोडून टॉवेल हातात धरून उभी.

तेवढ्यात क्लबचं विमान आलं. पांढरं, लाल पट्ट्याचं. वळसा घालून बरोबर आमच्या घरावरून गेलं आणि एकदा डावा, एकदा उजवा पंख कलवला. पट्टेवाला! दुसरं कोण असणार! जाता जाता मला डोळा मारून गेला! ही मावशीकडे बसलीय, आणि हा आमच्या डोक्यावर मिरवतोय! मी मूठ वर केली आणि जे तोंडात आलं ते बोललो. आईनं टॉवेल हलवला. तिला काय, कुठलंही विमान चालतं. "अरे, हात हलव की," म्हणाली. "मूठ काय दाखवतोस!"

ही संध्याकाळी परतली. गाल लाल, केस दोन्ही कानांवर चपटे बसलेले. मी म्हटलं, मावशीकडे ऊन फार लागतं वाटतं. म्हणाली, "हो. गच्चीत बसलो होतो." भरपूर जेवली. वादळाचं नाव काढलं नाही. मीच म्हटलं, "आज काही गडगडलं नाही."

"तीस टक्केच होते ना," ती म्हणाली. "सत्तर टक्के राहतात की."

जिंकलो. परवा तो जाईल. मग मला झोप का लागत नाहीये?

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी तिच्यासमोर चहा ठेवला. फोन उघडला. न वाचताच पालथा ठेवला. म्हटलं, "काल मी—"

"माहीत आहे. तू उठायच्या आधी रोज मी वाचलेलं असतं. स्वतः वाचल्याशिवाय निघायचं नसतं."

"मग माझ्याकडून रोज ऐकतेस कशाला?"

"तुला वाचायला आवडतं म्हणून."

मग तिनं टोस्टला लोणी लावलं. दोन्ही विमानतळांवर उतरताना चाकं कशी अलगद टेकली ते सांगितलं. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली होती. परतताना वाट थोडी वाकडी करून घरावरून आली.

"टॉवेल दिसला वरून," म्हणाली. "मूठ नाही दिसली. ती आईंनी सांगितली."