मेरिदाची वेळ

१४ मे, गुरुवार. तुलुम.
पोचलो. मेरिदाहून चार तास गाडी, त्यात बायकोचे, म्हणजे नीदियाचे, सतराशे उपदेश. समुद्रकाठच्या या राज्याने पर्यटकांच्या लाडापायी घड्याळ एक तास पुढे करून ठेवलंय. मी माझं हलवणार नाही. फोन आपोआप हलतो, म्हणून तो बंद. सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला तो मेरिदाच्या वेळेने.
तीन दिवस सुट्टी, रविवारी सहाला किनाऱ्यावर लेकीचं, लांदीचं, लग्न. मी तिला हात धरून नेणार. मग भाषण: प्राचीन मायांची कालगणना. चौदा पानं. होणारा जावई एलिसेओ स्वतः माया वंशाचा आहे आणि इथल्या माया अवशेषांवर गाइड आहे. त्याला उपयोग होईल.

१५ मे, सकाळी ९ (खरे ९)
नाश्ता संपला म्हणे. यांचे दहा वाजलेत. वेटर दात काढत होता. उरलेली पपई खाल्ली.

दुपारी
किनाऱ्यावर घोटाभर कुजकं शेवाळ. घसरलो. टोपी लाटेने नेली. एलिसेओ कपड्यांसकट पाण्यात शिरला, टोपी आणून दिली आणि म्हणाला, "मास्तर, टकलाला मलम लावा, नाहीतर सोलून निघेल." आगाऊ. लावलं नाही.

संध्याकाळी
सोलून निघालं. उन्हाचा दोष.

१६ मे
आज एलिसेओ दोन्हीकडच्या मंडळींना अवशेष दाखवणार होता. निश्चय: त्याच्या किमान दहा चुका चारचौघांत काढायच्या. लेकीच्या भल्यासाठीच.
तीनला फाटकाशी जमायचं होतं. मी तीनला हजर. फाटक बंद. यांच्या घड्याळात चार, आणि शेवटचा प्रवेश साडेतीनचा. बाहेर बाकावर बसलो. एका इग्वानाने, म्हणजे हातभर सरड्याने, हातातला पानूचो, आमच्याकडची भरलेली तळलेली पोळी, पळवला. इथली जनावरंही पर्यटकांनी बिघडवली आहेत.
मंडळी हसत बाहेर आली. नीदियाने तर टाळ्या वाजवल्या म्हणे. मला कुणी शोधलं नाही. मी आतच आहे असं वाटलं असणार.

१७ मे, रविवार, दुपारी
विचार केला. भाषणाला उशीर झाला तर नुकसान ऐकणाऱ्यांचं. घड्याळ एक तास पुढे केलं. कुणाला सांगितलेलं नाही. तत्त्व कायम आहे, फक्त काटा हलवला.
नीदिया सकाळीच लांदीकडे गेली. जाताना दोनदा विचारलं, "तुम्ही तुमच्याच घड्याळाने येणार ना? नक्की?" नक्की, म्हटलं. केवढा आनंद झाला तिला. तीस वर्षांनी का होईना, बाईला माझी किंमत कळली.

१७ मे, संध्याकाळी साडेसात (इथले)
सहाला पाच कमी असताना पोचलो. लांदी निघायच्या बेतात होती. हात नीदियाच्या हातात. पुढच्या रांगेत प्रत्येक खुर्चीवर नाव लिहिलेलं. दोनदा वाचली. माझं नव्हतं.
मला बघून नीदिया खाली वाळूत बघू लागली. लांदीचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही वेळेवर कसे आलात?"
चुकून, म्हणालो.
एलिसेओ स्वतःची खुर्ची देऊ लागला. नको म्हटलं, मागे जाऊन उभा राहिलो. लग्न चांगलं झालं. लांदी खूप हसत होती. मला फार वाईट वाटतंय.