पोस्टरची कापलेली कड

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
९ सप्टेंबर २०१९

ग्लेन,

तुझं पाकीट शनिवारी पोचलं. आईला त्र्याऐंशीवं लागलंय, पण ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर मीही बरी. तुझ्या बायकोला आणि मुलींना आठवण सांग. झालं, रीतीचं लिहून संपलं. आता पत्रास कारण तुझं पोस्टर.

ते उघडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ स्टॅश हवेत, सोळा वर्षांचा, केस आईच्या शिवणाच्या कात्रीने भादरलेले, दोन्ही हातांवर काळी फुली. आणि खाली तू काय छापलंस? 'आम्ही एकमेकांना झेलायचो.' हे लिहिताना तुझा हात कसा झडला नाही रे?

मार्चमध्ये स्टॅश गेला तेव्हा फुलं पाठवलीस, स्वतः आला नाहीस. आता म्हणे त्याच्या स्मरणार्थ तुझा बँड पुन्हा वाजणार, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तुम्ही तेव्हा वाजवायचात त्याच पोलिश हॉलमध्ये. वर चिठ्ठीत लिहितोस, 'रेनी, स्टेजवर येऊन दोन शब्द बोल. हवं तर शेवटच्या गाण्याला बेस वाजव.' छप्पन्नाव्या वर्षी! एकोणीसची होते तेव्हा मला बँडमध्ये घे म्हणून तीन महिने तुझ्या मागे लागले होते. तुमची सगळी गाणी बेस गिटारवर बसवली होती मी. तुम्हा पोरांचे कोट दर रविवारी मीच हातात धरून उभी असायचे. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तू कोट धर गं. तुझ्याइतके नीट कोणी धरत नाही." पोरं फिदीफिदी हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आठवतात. आठवतात म्हणूनच जास्त चीड येते. रविवारची दुपार, खाली स्वयंपाकघरात बायका बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी उकडतायत, आणि वर तुम्ही दीड-दीड मिनिटाची गाणी अशी बडवताय की खिडक्यांच्या काचा हलतायत. आपल्या बापांचे कारखाने एकेक करून बंद पडत होते, आणि आपल्या पोटातलं कोणीतरी पहिल्यांदाच ओरडून सांगत होतं. त्या धक्काबुक्कीत कोणी पडला की चार हात त्याला उचलायचे. स्टेजवरून कोणी उडी मारली की खालच्यांनी झेलायचं, कोण आहे ते बघायचं नाही. चर्चमध्ये ऐकलेलं मला कधी पटलं नाही, पण हे पटायचं.

मग तुझी ती फुली आली. बारवाल्याने लहान पोरांना दारू देऊ नये म्हणून दारातच त्यांच्या हातावर मार्करने फुली मारायचे. तू तिची शपथ केलीस. दारू नाही, सिगारेट नाही, जो मोडेल तो आपला नाही. आमचे बाबा रोज कसे घरी यायचे ते तुला माहीत होतं. मला ती शपथ मनापासून आवडली होती, हेही लिहून ठेवते.

त्या रविवारी काय झालं असं कोणी विचारलं तर मी सांगते, गर्दी होती, अपघात झाला. सदतीस वर्षं हेच सांगत आलेय.

पण तुला ठाऊक आहे. खाली आमच्या मावसबहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. लेशेकमामांनी स्टॅशच्या हातात अर्धा ग्लास बिअर ठेवली, म्हणाले, "घे रे, बाळाच्या नावाने!" बाळाच्या नावाने दिलेलं आमच्यात कोणी नाकारत नाही. तो प्यायला, तोंड पुसलं आणि धावत वर आला. आणि तोवर ते कोणीतरी तुझ्या कानावर घातलं होतं.

तुम्ही पाचवं गाणं संपवलंत. स्टॅश स्टेजवर चढला. तू माइकवर म्हणालास, "हा पिऊन आलाय. याला कोणी हात लावायचा नाही. हात खाली!" त्याला वाटलं, थट्टा चाललीय. तो हसला रे, ग्लेन. हसत हसत त्याने उडी मारली. आणि सगळे बाजूला झाले.

मानेखाली सगळं गेलं. सदतीस वर्षं मी त्याला भरवलं, कुशीवर वळवलं, त्याची दाढी केली. तू एकदा आलास, हॉस्पिटलमध्ये, दोन रेकॉर्ड घेऊन. तरी तुला कोणी नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. "ग्लेन चिडला होता गं, त्याच्या मनात तसं नव्हतं." त्या दुपारची टेप तो मला दर रविवारी लावायला सांगायचा. पाचवं गाणं संपलं की म्हणायचा, "बस, इथे थांबव."

एकदा सूप भरवत होते तेव्हा त्याने विचारलं, "रेनी, त्याला सांगितलं कोणी असेल गं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत. तोंड उघड."

त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

तुला मी सांगितलं, ग्लेन. तू विसरला नसशील. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आले आणि तुझ्या कानात सांगितलं. बाबांच्या बिअरचा राग होता, तो एक भाग. पण खरं सांगू? मला वाटलं, शपथेला एवढी पक्की मी, आता तरी तू मला बेस देशील. तू माझ्या खांद्यावर थाप मारलीस आणि तुझा कोट माझ्या हातात दिलास. दहा आधीच होते, हा अकरावा.

त्या उडीचा मूळ फोटो माझ्याकडे आहे. त्यात डाव्या कडेला तुझा हात आहे, पंजा जमिनीकडे. उजव्या कडेला मी आहे, स्टॅशच्या अगदी खाली. दोन्ही हातांत छातीपर्यंत कोट, आणि एक पाय मागे टाकलेला. कोट पडतील म्हणून की सगळे सरकले म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. तू दोन्ही कडा कापल्यास आणि चिठ्ठीत लिहिलंस, 'तुला त्रास नको म्हणून तू दिसणार नाहीस असं केलंय.' उपकार करतोस का माझ्यावर? बिचाऱ्याला एकट्याला हवेत लटकावून ठेवलंस!

काल आईला सगळं सांगितलं. ती टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा करत बसली. मग म्हणाली, "कोट खाली टाकायचे होतेस, बाळा."

तेव्हा ऐक. पोस्टरवर पूर्ण फोटो छाप, नाहीतर एकही लावू नकोस. त्या रविवारी आम्ही दोघी येतोय. आई पहिल्या रांगेत बसेल. तू काय बोललास ते तू माइकवर सांगायचंस, मी काय केलं ते मी सांगेन. मग हवं तर सगळी गाणी वाजवा, मी ऐकेन, मला ती अजून पाठ आहेत. पण तुझं तोंड उघडलं नाही, तर टेप माझ्या पिशवीत असेल. मी ती तिथेच लावीन, आणि या खेपेला पाचव्या गाण्यानंतर थांबवणार नाही.

ऑक्टोबरात तिथे थंडी असते. ज्याने त्याने आपापला कोट सांभाळावा.

स्टॅशची बहीण,
रेनाटा