लांडगीसाठी लेन्स

मळा, अकोला
४ जानेवारी २०२५

चि. अंकुरला माणिकआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र लिहून भाजीच्या गाडीवाल्या चंदनजवळ दिलं आहे. तुझे आतोबा गेल्यावर तू मला तुझा जुना कॅमेरा दिलास, तो ठणठणीत आहे. आता त्याला लांबचं जवळ ओढणारी लेन्स हवी, आणि तीही परवडणारी. स्टुडिओ तुझा आहे, तेव्हा निवड तू कर.

मळ्यापलीकडच्या नाल्यात लांडगीनं पिलं घातली आहेत. जवळ गेलं तर ती पिलं उचलून दुसरीकडं नेईल, म्हणून मी धुऱ्यावरूनच, आपल्या शेताच्या बांधावरूनच बघते. इकडं शेजारच्या आशाबाईच्या बकऱ्या मरून राहिल्या आणि गावानं लांडगीचं नाव घेतलं. संक्रांत झाली की धूर करून बीळ बुजवायचं ठरलंय, आणि सगळ्यांत पुढे माझे दीर केशवराव. हे कायद्यात बसत नाही म्हटलं, तर हसले. लांडगी बकरी ओढून नेते. इथं बकऱ्या फाडून जागीच टाकलेल्या आहेत. हे काम कुत्र्यांचं, पण पारावर माझं कोण ऐकतं? फोटो असला तर बघावंच लागेल. आत्ता माझ्या फोटोत नुसता ठिपका दिसतो.

केशवराव म्हणाले, या वयात नातवंडांचे फोटो काढावेत. तेही काढते, असं मी सांगितलं.

सूनबाई हर्षाला मेथी पाठवली आहे. माझ्यावर माया ठेव, आणि या वेळी ऐकून घे.

तुझी
माणिकआत्या

राजापेठ, अमरावती
७ जानेवारी २०२५

ती. माणिकआत्यास शि. सा. न. वि. वि.

मेथी पोचली. चंदनबरोबर माझी सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स पाठवतो आहे. नवी घेऊ नकोस, हीच वापर. लग्नाच्या मांडवात कितीही अंधार असो, नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपते. सहाशेपर्यंत ओढणाऱ्या लेन्स असतात, पण त्या अडीच-तीन शेरांच्या धोंड्यासारख्या. तुझ्या मनगटाचं काय होईल?

दुसरं, लहान तोंडी मोठा घास घेऊन सांगतो. तुम्ही एका घरात राहता. लांडगीपायी केशवकाकांशी वाकडं घेऊन रोजचा चहा कोणासोबत पिशील? हर्षालाही तीच काळजी आहे.

राग आला तरी आशीर्वाद कमी करू नयेत.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
अंकुर

मळा, अकोला
९ जानेवारी २०२५

चि. अंकुरला अनेक आशीर्वाद.

तुझी लेन्स परत पाठवते आहे. नवरी जागची हलत नाही रे, आणि तू तिच्यापासून दहा हातांवर उभा असतोस. तू साऱ्या जगाला मांडव समजतोस. मला अंधारात बघायचं नाही, लांबचं बघायचं आहे. उजेड कमी घेणारी लेन्स चालेल, वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही.

मी मोबाइलवर बघून ठेवलंय. दीडशे-सहाशेची, कॅमेऱ्याच्या कंपनीची महाग म्हणून दुसऱ्या कंपनीची, वापरलेली घे. हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय तिच्यात हवी. आतून टॉर्च मारून काचेवर बुरशी नाही ना ते बघ. पैसे चंदनजवळ दिले आहेत. ते माझ्या झेंडूचे आहेत, कोणाला विचारायचं काम नाही. आणि मनगटाची काळजी सोड, भाजीच्या पाट्या मी उचलल्या आहेत.

चहाचं म्हणशील, तर तो मी एकटीही पिते.

हर्षाला जवळ घे, माझ्यावर लोभ ठेव.

माणिकआत्या

मळा, अकोला
१६ जानेवारी २०२५

चि. अंकुर आणि हर्षाला अनेक आशीर्वाद.

लेन्स वेळेवर मिळाली. फिरवायला जरा जड आहे, पण काच स्वच्छ. तू सोबत पाठवलेलं तिपाई स्टँड उलगडायला वेळ लागतो, म्हणून मी उशीच्या खोळीत सरकी भरली, धुऱ्यावर ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवली. मग ती हलत नाही.

संक्रांतीच्या सकाळी आशाबाईच्या बकऱ्यांत कुत्री शिरली. सगळे फोटो आले. आरडाओरड केली तेव्हा पळाली, बकरी वाचली. सर्वांत पुढे होता आपल्या घरचा मोत्या, केशवरावांनी आणलेला लाल पट्टा गळ्यात.

फोटो आधी केशवरावांनाच दाखवला. ते म्हणाले, "वयनी, हे मिटवून टाका. गावात तोंड दाखवाले जागा राह्यणार नाही."

मी म्हटलं, "बीळ बुजवाले तुमी समोर होते. आता कुत्रं बांधालेही तुमीच समोर व्हा."

ते झाले नाहीत. संध्याकाळी तीळगूळ द्यायला सगळे पारावर जमले, तिथं मी कॅमेरा हातोहात फिरवला. आशाबाईनं बघितलं आणि माझा हात धरून ठेवला. बीळ बुजवायचं नाव आता कोणी घेत नाही. मोत्या खुंट्याला बांधला आहे, त्याला भाकरी मीच घालते. केशवराव माझ्याशी बोलत नाहीत, पाठ करून जेवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

आज पिलं पहिल्यांदा उन्हात आली. त्यांचा फोटो चंदनच्या हाती कॅमेऱ्याच्या कार्डात पाठवते आहे. खूप मोठा करून चौकट लावून दे. ओसरीत केशवराव ज्या भिंतीकडे तोंड करून जेवतात, तिथं तो लावायचा आहे.

दोघांची माया अशीच राहू दे.

माणिकआत्या