मोठ्या ताटावरची रेघ

प्रिय शिगे,

आरिता गाव सोडून हाकाताला तांदूळवाल्याच्या घरी नांदायला गेलीस ती तांदळाच्या पोत्यांतच रुतलीस की काय? इकडची बातमी ऐक, नि हसून घे.

आमचे हे गेले, वर्ष सरलं नाही तोच भट्टीचे मालक दारात. इथली रीत तुला ठाऊकच. चिनीमातीवर रेघ पुरुषानं ओढायची, आत निळा रंग बाईनं भरायचा. ह्यांच्या रेघेत मी जन्मभर रंग भरला. मालक म्हणाले, "त्सुनेबाई, गोनरोकूची बायको गेलीय. लग्न करा त्याच्याशी, रेघांना तोटा नाही." गोनरोकू! ताटात नाक गाळणारा! मी म्हटलं, "मालक, त्याची रेघ त्याच्यासारखीच लटपटते. माझा रंग वाहून अंगणात जायचा." मालक लालबुंद. "मग बस कोरं ताट मांडीवर घेऊन! बघतो कोण तुला रेघ ओढून देतो!" आणि खरंच, एकही कारागीर फिरकला नाही.

म्हणून मी साके दारू गाळणाऱ्यांच्या मालकिणीकडे स्वतःच काम मागायला गेले. तिच्या जावेनं दिवाणखान्यात असं ताट मांडलंय की पाहुणे ते उलटं करून बुडावरचं नाव वाचतात. हिला तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणाली, "लेकीच्या लग्नात तिच्याहून मोठं ताट हवं. रेघ माकडानं ओढली तरी चालेल, जाऊ जळली पाहिजे." मी हो म्हणून बसले. वरच्या आळीतला भट्टीवाला भाजून द्यायला तयार आहे. त्याला आमच्या मालकांची जिरवायचीच होती. ताट घरात आलंय, कोरंच. वेळेत झालं नाही तर गोनरोकू आहेच.

आठवतं, आपण पोरी असताना भट्टीवर तुझा बाप जेवायला उठला की तू त्याच्या जागी बसून अर्धी कमळं ओढायचीस. तो येऊन आपलीच समजून पुढं ओढायचा, नि मी शेजारी रंग कालवत हसू दाबायचे. ती रेघ मला हवीय, शिगे. बुडावर आपल्या दोघींची नावं घालू, वाचू देत पाहुणे. तुझा नवरा सुखासुखी सोडायचा नाही, म्हणून सोबत दुसरा कागद घातलाय. त्यात मी शेवटच्या घटका मोजतेय. तो त्याला मोठ्यानं वाचून दाखव, बाही डोळ्याला लाव नि नीघ. येताना बापाचा बारीक कुंचला तेवढा आण.

तुझीच,
मरायला अजिबात सवड नसलेली
त्सुने